संकेश्वर शुद्ध लिहायला लागला

आमच्या ग्रुपवर मी ‘निपाणी’ आहे. बाकीचे तिघे वडगाव, उचगाव आणि संकेश्वर. आईबापांनी ठेवलेली नावं सगळ्यांना आहेत, पण बेळगावात डिप्लोमाला असताना वर्गात एकाच नावाचे इतके जण निघाले की मास्तरांनी गावावरून हाक मारायला सुरुवात केली, आणि ती सवय आम्हाला जी चिकटली ती चिकटलीच. इलेक्ट्रिकलच्या वर्गात मी एकटी मुलगी. आई निपाणीत विड्या वळायची, वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. गावावरून हाक मारली की आडनाव लागत नाही, आणि आडनाव लागलं नाही की पुढचे बरेच प्रश्न आपोआप गळून पडतात, हे मला त्या वयातही कळत होतं. त्यामुळे ‘ए निपाणी’ ही हाक मला पहिल्या दिवसापासून आवडली.

आता मी बेळगावातच एका कॉलेजात शिकवते. वडगाव घरच्या मागांवर साड्या विणतो. पूर्वीचे भोकं पाडलेले पुठ्ठे जाऊन त्याच्या मागाला आता काँप्युटर बसलाय. उचगाव पुण्याची नोकरी सोडून शेतात ड्रोन उडवतो. संकेश्वर साखर कारखान्यात मीटर आणि गेज सांभाळतो. आणि आम्ही चौघं गेली कैक वर्षं एका ग्रुपवर भांडतो.

ग्रुपचं नाव ‘अर्थिंग’. ते संकेश्वरनं ठेवलं. सुरुवातीला ग्रुपला धड नावही नव्हतं. मग एका निवडणुकीच्या हंगामात दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून आमच्यात जुंपली. आम्ही तिघं मराठी लिहिणारे, संकेश्वरच्या घरी कन्नड. वडगावच्या घरात दोन्ही, त्यामुळे त्याला दोन्हीकडून बोलणी बसली. जे बोलू नये ते बोललं गेलं आणि बरेच दिवस ग्रुप मेल्यासारखा पडून राहिला. तो पुन्हा उघडला संकेश्वरनं. त्यानं लिहिलं, आजपासून रूल, भाषा बंद, सीमा बंद, निवडणूक बंद, भांडायचं तर मोबाईलवरनं भांडा, इंटरनेटवरनं भांडा, करंट कुठंतरी जमिनीत उतरला पाहिजे न्हायतर माणसाला शॉक बसतो. आणि ग्रुपचं नाव बदलून टाकलं. इकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथं प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक लग्नाच्या पंगतीत असा एक न बोललेला रूल असतोच. आमचा बोलून केलेला होता, एवढंच.

तेव्हापासून सगळा राग आम्ही तंत्रज्ञानावर काढतो. बाहेरच्याला वाटेल, ही माणसं पोटापाण्याचं सोडून जगाच्या उठाठेवी करतात. वाटू दे. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीनं फोनचं हेडफोनचं भोक बुजवलं तेव्हा आमच्याकडे सुतक पडलं होतं. संकेश्वर म्हणाला, उद्या हे चार्जिंगचं पण भोक बुजवतील आणि सांगतील फोन उन्हात वाळत घाला. घडीचा फोन आला तेव्हा वडगावनं विचारलं, साडीची घडी मोडली की किंमत उतरते, मग फोनची वाढते कशी? उचगावला मात्र नवं ते सगळं सोनं. घड्याळ नाडी मोजतं, चष्मा फोटो काढतो, फ्रिज दुधाची आठवण करतो, सगळं त्याला पाहिजे. तो बातमी टाकायचा आणि आम्ही तिघं तिच्यावर तुटून पडायचो.

मी कुणाच्याच बाजूची नसते. मला फक्त झाकण उघडून आत काय आहे ते बघायचं असतं. लहानपणी वडिलांचा रेडिओ उघडला म्हणून आईचा मार खाल्ला होता, पण त्यातला तो सुपारीएवढा स्पीकर हातात धरल्याचा आनंद त्या मारापेक्षा मोठा होता. ही खोड अजून गेली नाही. माणसांच्या बाबतीतही नाही, असं माझ्या घरचे म्हणतात.

आणि आमच्यात सगळ्यात चवीनं भांडायचा तो संकेश्वर. इंग्रजी अक्षरांत मराठी, मधूनमधून कन्नड, विरामचिन्हांचं नाव नाही. मराठी तो गल्लीत गोट्या खेळताना शिकलेला. त्याच्या मराठीत फोन बाई असायची आणि बॅटरी बुवा. पुरावा मागितला की म्हणायचा, पुरावा मी सांगतोय हाच. माझं म्हणणं त्याला पटलं नाही, म्हणजे नेहमीच, की शेवटी एक ठरलेलं वाक्य यायचं, ‘ए हुच्ची, सुम्न कुंड्रु.’ ए वेडे, गप बस. इतक्या वर्षांत इतक्या आपुलकीनं मला कोणी गप बसवलेलं नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तो काही आठवडे गप्प होता. गळीत हंगाम जवळ आला की त्याचं डोकं बॉयलरमध्ये असतं, म्हणून कोणी विचारलंही नाही. मग तो परत आला, आणि शुद्ध लिहायला लागला.

पहिल्यांदा ते असं झालं. उचगावनं बातमी टाकली होती की इंटरनेटवर आता माणसं कमी आणि यंत्रं जास्त झाली आहेत. फोटो यंत्रानं काढायचा, त्याखाली ‘वा वा’ दुसऱ्या यंत्रानं लिहायचं, आणि त्यावर भांडणही तिसऱ्या यंत्रानं उकरायचं. वडगाव म्हणाला, मग आपण कशाला रिचार्ज मारतोय? मी म्हणाले, यंत्रांची भांडणं वाचायला मला आवडेल, ती एकमेकांना काय शिव्या देतात ते बघू. एवढ्यात संकेश्वर आला. देवनागरीत.

‘हा विषय अत्यंत महत्त्वाचा असून दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. तंत्रज्ञान हे केवळ एक साधन आहे; त्याचा वापर कसा करावा हे आपल्यावर अवलंबून आहे.’

अर्धविरामासकट.

उचगावनं विचारलं, ‘संकेश्वर, भाषणाला उभा राहिलास काय रं?’ त्यावर उत्तर आलं, ‘आपल्या प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद.’ आम्हाला वाटलं गंमत करतोय. आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवशीही तो तसाच, तिसऱ्या दिवशीही तसाच. फोन पुल्लिंगी झाला, बॅटरी स्त्रीलिंगी झाली आणि मी ‘आपण’ झाले.

मी कान टवकारले. वर्गात मी पोरांना सांगते, बिघाड कुठं आहे ते डोळ्यांनी दिसत नसेल तर सर्किटला सिग्नल द्या आणि काय बाहेर येतं ते बघा. मी तेच केलं. मुद्दाम एक बिनडोक वाक्य लिहिलं, की फोन फ्रिजमध्ये ठेवला तर बॅटरीचं आयुष्य वाढतं आणि मी स्वतः करून बघितलंय. जुन्या संकेश्वरनं यावर माझी सालटी काढली असती. माझ्या डिप्लोमाचा, मी शिकवलेल्या पोरांचा आणि त्या फ्रिजचासुद्धा उद्धार झाला असता. नवा म्हणाला, ‘हा एक रंजक विचार आहे. मात्र अशा प्रयोगांपूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घेणे हितावह ठरेल.’

मग दुसरा सिग्नल दिला. डिप्लोमाला असताना प्रॅक्टिकलच्या परीक्षेत त्यानं दोन वायरी अदलाबदल करून जोडल्या होत्या आणि मोटर उलटी फिरली होती. परीक्षकांनी डोळे वटारले तर हा शांतपणे म्हणाला, सर, तुम्ही त्या बाजूला उभे आहात म्हणून उलटी दिसते. परीक्षक खरंच चालत या बाजूला आले. ही गोष्ट तो संधी मिळेल तिथं सांगायचा, आणि दर वेळी परीक्षकांची मिशी थोडी वाढायची. मी विचारलं, संकेश्वर, ती उलटी मोटर आठवते का? उत्तर आलं, ‘होय. त्या दिवसांच्या आठवणी खरोखर अविस्मरणीय आहेत.’

आता मात्र खात्री पटली की हे संकेश्वरचं लिहिणं नव्हे. यंत्राचं आहे. पण का? या ‘का’नं मला पछाडलं. बसमध्ये, स्टाफरूममध्ये, भाजी निवडताना मी तेच घोळवत होते. फोन चोरीला गेला असेल? मग चोर आमच्याशी इतक्या सभ्यपणे कशाला बोलेल? साहेब झाला असेल आणि आता शिव्या देणं शोभत नसेल? की आमचा कंटाळा आला, म्हणून उत्तरं द्यायला यंत्र बसवून हा दुसरीकडेच कुठं भांडायला जातो? हा शेवटचा विचार मला टोचला. फोन लावला तर त्यानं उचलला नाही. लगेच संदेश आला, ‘सध्या कामात व्यग्र आहे. आपण संदेशाद्वारे संवाद साधू शकता.’ मला राग आला, पण रागापेक्षा जास्त नवल वाटलं, कारण नको असलेल्या माणसाला लोक इतक्या तत्परतेनं उत्तर देत नाहीत.

इकडे वडगाव वेगळ्याच कारणानं पेटला होता. त्याच्याकडे हल्ली गिऱ्हाइकं यंत्रानं काढलेली साडीची चित्रं घेऊन येतात. काठावर मोर असतो, मोराला तीन पाय असतात, पदरावर उजेड कुठून येतो ते देवाला माहीत, आणि गिऱ्हाईक म्हणतं अश्शीच पाहिजे. ही साडी विणता येत नाही, हे सांगितलं तर तुम्हाला जमत नाही असं म्हणून निघून जातं. एका बाईनं तर त्याच्या वडिलांदेखत तसं सुनावलं. वडील आयुष्यभर मागावर बसलेले. ते त्या दिवशी जेवले नाहीत. वडगावनं हे सगळं ग्रुपवर लिहिलं. तो स्वतःबद्दल असं कधी लिहीत नाही. उचगावनं त्या बाईला शिव्या दिल्या, मी वडगावला फोन केला. आणि संकेश्वरनं लिहिलं, ‘आपल्या भावना मी समजू शकतो. अशा प्रसंगी संयम बाळगणे महत्त्वाचे आहे.’

वडगावचा मला वेगळा संदेश आला. ‘निपाणी, ह्यो माणूस माझ्या घरात जेवलाय. माझ्या आप्पाच्या ताटात जेवलाय. आणि मला कस्टमर केअरवानी उत्तर देतोय? यंत्राकडनं लिवून घेतलेलं ग्रुपवर चालणार न्हाय, नवीन रूल. रविवारी त्याला काढतो.’

ॲडमिन वडगावच. आणि तो एकदा बोलला की करतो. मी लिहिलं, ‘शनिवारी मी निपाणीला जाणार हाय, वाटेत संकेश्वर. तवर थांब.’ त्याचं उत्तर आलं, ‘तवर थांबतो. त्याच्या पुढं न्हाय.’

शनिवारी दुपारी हत्तरगी ओलांडली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाला तुरे आले होते. मी मनातल्या मनात भांडण तयार करत होते. काय बोलायचं, कुठल्या क्रमानं बोलायचं. शेवटी ‘सुम्न कुंड्रु’ आज मी त्याला म्हणायचं, हेसुद्धा ठरवलं होतं.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. लग्नाबारशाला भेटलेल्या आम्ही. मला बघून ती दारातच थबकली. ‘आक्का, तुमी? यांनी सांगितले काय तुमाला?’

‘काय सांगितलं?’

ती बाजूला झाली. तो पडवीत खुर्चीवर बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा. समोर स्टुलावर फोन उभा केलेला. मला बघून त्याचा अर्धा चेहरा हसला. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली, बाहेर काहीच आलं नाही. पुन्हा एकदा प्रयत्न झाला. मग तो थांबला, श्वास घेतला आणि अगदी हळू म्हणाला, ‘बा. कुंड्रु.’ ये, बस.

मी बसले. रस्त्यानं तयार केलेलं भांडण कुठं गेलं मला कळलंच नाही. रडू येत होतं आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी चप्पल काढायला उगाच वेळ लावला.

बायकोनं चहा ठेवता ठेवता सांगितलं. डोक्यात रक्ताची गुठळी झाली होती. बेळगावात ॲडमिट केलं, वेळेत पोचलो म्हणून निभावलं. हात हळूहळू येईल म्हणाले डॉक्टर. बोलणंही येईल. पण दोन्ही भाषा एकदम आल्या नाहीत. घरची कन्नड थोडी थोडी परतली, मराठी मात्र आतच अडकली. ऐकलेलं सगळं कळतं, वाचलेलं कळतं, बोलायला गेलं की शब्द येत नाही. ‘रोज बोलवून घ्या म्हटलेत डॉक्टर,’ ती म्हणाली, ‘पण हे कुणासंगट बोलतच न्हाईत. फकस्त तुमचा ग्रुप. सकाळी उठले की फोन मागतात. ते न्हाय आलं तर दिवसभर भिंतीकडं बघत बसतात.’

‘आणि आम्हाला का नाही कळवलं?’

तिनं त्याच्याकडे बघितलं. ‘एकेक शब्द करत सांगितले. नको म्हटले. सगळे हात जोडल्याली चित्रं पाठवतील म्हटले. फुलं पाठवतील. कोणबी भांडणार न्हाय.’

मी त्याच्याकडे वळले. मला काय विचारावं ते सुचेना, म्हणून जे मला नेहमी सुचतं तेच विचारलं. ‘कसं करतोस ते दाखव.’

आणि त्याचा चेहरा उजळला. डाव्या अंगठ्यानं त्यानं मला सगळी यंत्रणा दाखवली. तो फोनला कन्नडमध्ये एक-दोन शब्द सांगतो. यंत्र त्याचं मराठी वाक्य करतं. तो ते वाचतो आणि पाठवतो. बिछान्यावर पडल्या पडल्या हे त्यानं स्वतःच जुळवलं होतं. उलट्या मोटरीबद्दल तो म्हणाला होता, ‘नेनपैति.’ आठवतंय. एवढंच. त्याचं यंत्रानं ‘खरोखर अविस्मरणीय’ केलं. मी शिकवते तो स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर असाच चालतो, व्होल्टेज वाढतं तेवढा करंट कमी होतो.

मग मी त्याला वडगावचा संदेश दाखवून विचारलं, याला तू काय सांगितलं होतंस?  शब्द शोधताना त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. ‘ब्यासरातु,’ तो म्हणाला. फार वाईट वाटलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आणि वडगावपर्यंत पोचलं ते ‘संयम बाळगणे महत्त्वाचे’.

‘अरे, मग कन्नडमध्येच लिहायचंस की,’ मी म्हणाले. ‘वडगावला येतं, मला कामापुरतं येतं, उचगावला मोडकंतोडकं का होईना कळतं. जे दोन शब्द येतात तेच टाकायचेस.’

 तो डाव्या हाताचं बोट उचलून, शाळेतल्या पोरानं फळ्याकडे दाखवावं तसं फोनकडे दाखवून म्हणाला, ‘रूल.’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा डोक्याला हात लावला. भाषा बंद, सीमा बंद, निवडणूक बंद. रूल त्याचाच. कन्नडमध्ये अख्खं वाक्य टाकलं की भाषेचा विषय निघणार, पाट्यांचं भांडण निघणार, ग्रुप पुन्हा मरणार, असं त्याला वाटत होतं. शिव्यांमधलं कन्नड चालतं, कारण शिवीला कोणी भाषा म्हणत नाही. पण बोलण्याचं कन्नड नाही. सगळ्या जगाची भाषा करता येणारं यंत्र हाताशी असताना हा माणूस चार दोस्तांत आपल्या घरची भाषा बोलायला भीत होता. आणि आम्हीही वेडे. त्याची मराठी बदलली हे आम्हाला लगेच दिसलं, पण ‘तू कन्नडमध्ये का लिहीत नाहीस’ हे इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

‘वडगाव उद्या तुला ग्रुपवरनं काढणार हाय,’ मी सांगून टाकलं. त्याला न सांगणं मला जमलं नसतं.

त्याच्या बायकोचा कप हातातच राहिला.  तो म्हणाला, ‘बिडु.’

‘असू दे म्हणतात,’ बायको हळूच म्हणाली.

‘असू दे कसं?’ माझा आवाज चढला. ‘मी सांगते वडगावला.’

त्यानं जोरात मान हलवली. नाही म्हणजे नाही. कीव नको होती त्याला. काढून टाकलेला चालेल, पण कीव नको. मी शब्द दिला की माझ्या तोंडून काही जाणार नाही, आणि निपाणीची बस धरली.

खिडकीपाशी बसले आणि विचार करत राहिले. सांगायचं नाही. पण मी काय लिहायचं आणि कुठल्या भाषेत लिहायचं, यावर तर मी शब्द दिलेला नव्हता. माझं कन्नड म्हणजे ऑफिसच्या खिडकीपाशी उभं राहण्यापुरतं. अर्ज, सही, साहेब कधी येणार, एवढं. त्यात भांडण कसं करतात ते मला ठाऊक नाही. तरी मी देवनागरीत, चुकतमाकत, अख्खं वाक्य कन्नडमध्ये लिहिलं. फोन फ्रिजमध्ये ठेवला की बॅटरी वाढते, मी सिद्ध करून दाखवलंय, ज्याला पटत नसेल त्यानं कन्नडमध्येच भांडावं. आणि पाठवून दिलं.  त्या ग्रुपवर असं वाक्य कधी पडलं नव्हतं.

 मग वडगाव. ‘निपाणी, रूल.’

मी लिहिलं, ‘विषय फ्रिजचाच हाय. रूल कुठं मोडला?’

 वडगाव हुशार माणूस. मी संकेश्वरहून निघालेय हे त्याला ठाऊक होतं. त्यानं काय ताडलं असेल कोण जाणे, पण पुढचं वाक्य त्याचं कन्नडमध्ये आलं. झकास, घरचं, आईच्या तोंडचं कन्नड. त्यात त्यानं माझ्या फ्रिजची, माझ्या शिक्षणाची आणि माझ्या व्याकरणाची एकदमच लाज काढली. पाठोपाठ उचगावनं आवाज पाठवला. त्याचं कन्नड माझ्याहून भीषण. मधेच अडला आणि पुढचं हिंदीत बोलला. फ्रिजवाली गोष्ट त्याला पटली होती, हे त्याहून भीषण.

मग ग्रुपवर दिसलं, संकेश्वर रेकॉर्ड करतोय.

ते गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. मी फोन हातात घट्ट धरून बसले होते. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, ‘काय गं बाई, घरात कोण आजारी हाय काय?’ मी नुसती मान हलवली. तवंदी घाटाला बस लागली आणि रेंज गेली. या घाटात रेंज जाते हे मला लहानपणापासूनच्या प्रवासांनी शिकवलंय, पण त्या दिवशी मी त्या घाटाला शिव्या दिल्या.

निपाणी स्टँडवर उतरले तेव्हा फोन थरथरला. संकेश्वरचा आवाज आला होता. मी पोतडी दोन पायांत धरली, एका कानात बोट घातलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. आधी नुसता श्वास. लांबून कुकरची शिट्टी. मग जीभ जड, शब्द घासत, एकेक पायरी चढल्यासारखा:

‘ए… हुच्ची. सुम्न… कुंड्रु.’

त्यानं स्वतःहून पाठवलं होतं. मला मनाई करून, स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून टाकलं होतं. हा आवाज ऐकल्यावर कोणाला काही विचारायची गरज उरली नव्हती.

मी ग्रुप बघत उभी राहिले. वडगाव आणि उचगाव दोघंही ऑनलाइन दिसत होते. आता हात जोडलेली चित्रं येतील, फुलं येतील, ‘काय झालं रं’ येईल, आणि त्याला ज्याची भीती होती ते सगळं होईल, असं मला वाटत होतं. उचगाव काहीतरी लिहायला लागला आणि थांबला. वडगाव बराच वेळ लिहीत होता. मला वाटलं, मोठं काहीतरी येणार. आलं ते एवढंच:

‘परत म्हण की रं. निपाणीला नीट ऐकू गेलं न्हाय.’

आणि थोड्या वेळानं पुन्हा दिसायला लागलं, संकेश्वर रेकॉर्ड करतोय. दुसऱ्या वेळी ‘कुंड्रु’ जरा बरं आलं.